देवाचा कौल आणि जनतेचा कौल

मराठी भाषेने एकच शब्द देवळात आणि राजकारणात वापरला आहे, आणि आमच्या मते त्या वापरात मोठे शहाणपण साठविलेले आहे. गोमंतकात व दक्षिण कोकणात एखादे कुटुंब पेचात सापडले म्हणजे ते ग्रामदेवतेपुढे उभे राहते. पुजारी मूर्तीला फुले किंवा ओल्या पाकळ्या लावतो, मनातील प्रश्न उघड सांगितला जातो, आणि उजवी कळी पडली की डावी, यावरून देवाचे उत्तर जाणले जाते. याला आपण कौल म्हणतो. पुढे निवडणुकीचे निकाल लागले की त्याच शब्दाचा आश्रय घेऊन आपली वृत्तपत्रे 'जनतेचा कौल' असा मथळा देतात. मतपेटीला देवाच्या पंक्तीला बसविण्याचा हेतू त्यात नसेल. परंतु ज्याच्यापुढे प्रश्न ठेवावा आणि ज्याचे उत्तर शिरसावंद्य मानावे, अशी दोन स्थाने आपल्या समाजाने ओळखली, एवढे त्यावरून खास दिसते.

कौलाचे काही नियम लिहून ठेवलेले नसले तरी सर्वांस ठाऊक असतात. प्रश्न आधी सांगावयाचा असतो, आणि तो चारचौघांच्या समक्ष. उत्तर मनाजोगते आले नाही म्हणून ते टाकून देता येत नाही. आणि परिस्थिती खरोखरच पालटली, तर आपणच उत्तर बदलून घ्यावयाचे नसते. पुन्हा त्याच उंबरठ्यावर येऊन नवा प्रश्न विचारावयाचा असतो. हे तीन नियम हाताशी धरून आम्ही आज एका प्रश्नाचा विचार करणार आहोत. एका पक्षाच्या नावाने मते मागावीत, ती मिळाल्यावर दुसऱ्या पक्षात जावे, आणि मुदत सरली की त्याच मतदारांपुढे पुन्हा हात जोडून उभे राहावे, हे नीतीला धरून आहे काय? आणि मतदारांनी अशा माणसास पुन्हा निवडून दिले, तर मधला दोष धुऊन निघतो काय?

या विचाराला आम्ही सुरत शहरापासून आरंभ करतो. कारण तापीकाठच्या या शहराने पक्षभेदाची दोन अगदी निराळी रूपे पाहिली आहेत. १९०७ सालच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन, आधी ठरलेले नागपूर सोडून, येथे भरले. अध्यक्षपदी डॉ. रासबिहारी घोष. लोकमान्य टिळक आपली सूचना मांडण्यास व्यासपीठावर गेले, त्यांस बोलू देण्यात आले नाही, गोंधळ माजला, एक दक्षिणी जोडा हवेतून आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांस लागला. सभा मोडली. जहाल व मवाळ यांची जी ताटातूट झाली ती पुढे १९१६ साली लखनौस मिटली. हा प्रसंग शोभेचा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यात एक गोष्ट होती. मंडपातील प्रत्येकास ठाऊक होते की टिळक कोठे उभे आहेत आणि मेहता कोठे. मतभेद भरदिवसा, हजारोंच्या समक्ष झाला. आणि त्यानंतर टिळकांच्या वाट्यास जे आले ते मंत्रिपद नव्हते, १९०८ सालची सहा वर्षांची शिक्षा आणि मंडालेचा तुरुंग होता.

दुसरे रूप ११५ वर्षांनंतरचे. २० जून २०२२ रोजी महाराष्ट्र विधान परिषदेची निवडणूक आटोपली आणि त्याच रात्री शिवसेनेचे मंत्री श्री. एकनाथ शिंदे काही आमदारांसह राज्याची हद्द ओलांडून सुरतेस आले. तेथील एका हॉटेलात मुक्काम करून मंडळी पुढे गुवाहाटीस गेली. २९ जूनला श्री. उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ३० जूनला श्री. शिंदे यांचा शपथविधी झाला. ४ जुलैला त्यांनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. दहा-पंधरा दिवसांत एक राज्य पालटले, आणि ज्यांनी ते मूळचे घडविले त्या मतदारांस या काळात कोणी काही विचारले नाही. पैशांचे आरोप त्या वेळी पुष्कळ झाले. ते शाबीत झालेले नाहीत, म्हणून आम्ही त्यांवर आमचा विचार उभारीत नाही. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मात्र पुरतेपणी ऐकावयास हवे. शिंदे-पक्षाचे म्हणणे असे की, आम्ही पक्ष सोडलाच नाही. पक्षाच्या नेतृत्वाने मार्ग सोडला. २०१९ साली शिवसेनेने भारतीय जनता पक्षाबरोबर युती करून मते मागितली; भाजपास १०५ व शिवसेनेस ५६ जागा मिळाल्या; आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या साहाय्याने निराळेच सरकार आले. मग कौल प्रथम कोणी मोडला? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्याने युतीच्या नावाने मत दिले त्या मतदारास २०१९ साली कोणी विचारले होते? नाही विचारले. तेव्हा २०२२ चा दोष सांगणाऱ्याने २०१९ चा दोषही त्याच श्वासात सांगितला पाहिजे. परंतु एकाने ठेव मोडली म्हणून दुसऱ्यास ती मोडण्याचा अधिकार येत नाही. पहिल्या मोडीवर खरा उपाय एकच होता: मतदारांच्या उंबरठ्याशी परत जाणे. तो उपाय कोणत्याच बाजूने केला नाही.

आपल्या पुराणेतिहासात बाजू बदलणाऱ्यांची उदाहरणे आहेत, आणि त्यांच्याविषयी आपला समाज एकाच मापाने बोलत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विभीषणाची गणना चिरंजीवांत होते. प्रातःस्मरणात त्याचे नाव येते. तरीही लोकव्यवहारात त्यास घरभेद्या म्हणणारे आहेतच. त्याच्या पक्षी सांगावयाचे ते हे की, त्याने आपला विरोध रावणाच्या भरसभेत, रावणाच्या तोंडावर सांगितला, अपमान सोसला, आणि मग लंका सोडली. त्याच्या विरुद्ध सांगावयाचे ते हे की, युद्ध होण्यापूर्वीच समुद्रतीरावर त्याला लंकेचा अभिषेक झाला. ज्याच्या पालटातून स्वतःस राज्य मिळते त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, लोक शंका घेणारच. सुग्रीवानेही ती घेतलीच होती. रामाने त्याला अभय दिले, ते शरणागताला अभय देण्याच्या स्वतःच्या व्रतासाठी. त्या अभयाने विभीषणाचा हेतू सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. तो पुढील आचरणानेच सिद्ध व्हावयाचा होता.

युयुत्सूची गोष्ट याहून स्वच्छ आहे. धृतराष्ट्राचा हा पुत्र. कुरुक्षेत्रावर दोन्ही सेना समोरासमोर उभ्या असताना युधिष्ठिराने मोठ्याने विचारले की, ज्यास आमच्या बाजूस यावयाचे असेल त्याने यावे. युयुत्सू निघाला आणि दोन सेनांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, सर्वांच्या डोळ्यांदेखत, अल्पसंख्य बाजूकडे गेला. आणि पाहा, पुढे महाप्रस्थानास निघताना युधिष्ठिराने राजा परीक्षिताचे राज्य सांभाळण्याची जबाबदारी याच युयुत्सूवर सोपविली. बाजू बदललेल्या माणसावर पुन्हा विश्वास टाकता येतो, याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. उलट कर्णास श्रीकृष्णाने सर्व राज्य देऊ केले असता त्याने ते नाकारले. बाजू चुकीची आहे हे जाणूनही तो तेथेच राहिला. त्याच्या निष्ठेचे आपण कौतुक करतो, पण त्या निष्ठेने अधर्मास बळ मिळाले हेही विसरत नाही. सारांश, राहणे हे नेहमीच पुण्य नव्हे आणि जाणे हे नेहमीच पाप नव्हे.

गोमंतकीय वाचकांस तर आणखी एक उदाहरण घरचेच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भयाने कुशस्थळीचा मंगेश अघनाशिनी ओलांडून प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ते प्रवासही उजळ माथ्याने झाले नाहीत; लपतछपत झाले. मग रात्री निघणे हाच दोष म्हणावा काय? मुळीच नाही. ज्यांनी देव डोक्यावर घेतला त्यांनी घरेदारे, कुळागरे, पिढ्यांची वतने मागे टाकली. स्वतःचे गमावून त्यांनी दुसऱ्याची ठेव राखली. येथे आम्हांस पारख सापडते. जाणाऱ्याने मागे काय टाकले आणि बरोबर काय नेले, हे पाहावे. जो स्वतःचे पद मागे ठेवतो आणि ठेव सुखरूप पोचवितो, त्याचा प्रवास रात्रीचा असला तरी वंद्य. जो दुसऱ्याने विश्वासाने दिलेली ठेवच घेऊन जातो आणि पलीकडे पोचताच तिच्या मोबदल्यात आसन मिळवितो, त्याचा प्रवास भरदुपारी झाला तरी शंकास्पद.

कारण आमदारकी ही ठेव आहे. देवस्थानाच्या महाजनास देवाचे दागिने सांभाळावयास दिलेले असतात. उद्या त्याची भक्ती दुसऱ्या देवतेवर जडली तर त्यास कोणी अडवू नये. श्रद्धा ज्याची त्याची. परंतु पहिल्या देवाचे दागिने घेऊन त्यास दुसऱ्या देवळात जाता येणार नाही. किल्ल्या परत करून त्याने जावे. प्रतिनिधीचे मत त्याचे स्वतःचे आहे, जागा त्याची स्वतःची नव्हे.

ही किल्ली परत करून जाणारी माणसे आपल्या देशात झाली आहेत. १९४८ च्या मार्चमध्ये नाशिक येथील परिषदेत समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचे ठरविले. तेव्हा आचार्य नरेंद्र देव व त्यांचे काही सहकारी संयुक्त प्रांताच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. त्यांना कोणताही कायदा राजीनामा द्या म्हणत नव्हता. तरी त्यांनी जागा सोडल्या आणि पुन्हा मतदारांपुढे गेले. फैजाबादेत आचार्यांच्या विरुद्ध काँग्रेसने बाबा राघवदास यांना उभे केले आणि आचार्य पराभूत झाले. अमेरिकेतही अशी एक गोष्ट घडली. टेक्सासचे प्रतिनिधी फिल ग्रॅम यांनी १९८३ च्या जानेवारीत डेमोक्रॅटिक पक्ष सोडताना जागेचाही राजीनामा दिला, फेब्रुवारीत रिपब्लिकन म्हणून पोटनिवडणूक जिंकली, आणि पुढे ते सेनेटर झाले. याच्या उलट पेनसिल्व्हेनियाचे सेनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी २००९ च्या एप्रिलमध्ये पक्ष बदलला तो जागेवर बसूनच. जुन्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत आपला निभाव लागणे कठीण, हे त्यांनी लपविले नाही. २०१० साली नव्या पक्षाच्या मतदारांनीच त्यांस उमेदवारी नाकारली.

एक सचोटीने गेला आणि हरला. एक तसाच गेला आणि जिंकला. गोव्यातही पाहा. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीत त्यांतले माजी विरोधी पक्षनेते श्री. चंद्रकांत कवळेकर केप्यात पडले, आणि श्री. बाबूश मोंसेरात पणजीत निवडून आले. कृत्य एकच, कौल दोन. महाराष्ट्रात २०२४ च्या नोव्हेंबरात शिंदे यांच्या शिवसेनेस ५७ जागा मिळाल्या, ठाकरे यांच्या पक्षास २०. परंतु त्या वीसांत कैलास पाटील आणि नितीन देशमुख हेही आहेत. पैकी एकजण सुरतेच्या वाटेवरून परतला होता आणि दुसरा सुरतेस पोचून परतला होता. जाणारेही पुन्हा निवडून आले, परतणारेही आले. यावरून एवढेच निघते की निवडणुकीचा निकाल हा नीतीचा निकष होऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, लोकशाहीत मतदाराहून वरचे न्यायपीठ कोणते? त्याने पदरात घेतले, विषय संपला. आमचे उत्तर असे की, कौल फक्त विचारलेल्या प्रश्नाचा असतो. सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराच्या हाती एकच कळ आणि प्रश्न मात्र दहा: रस्ता, पाणी, पिकाचा भाव, घरातील बाईच्या खात्यात येणारी रक्कम, मुख्यमंत्री कोण, समोरचा उमेदवार कसा. या दहांचे मिळून जे उत्तर निघते ते 'तू पक्ष बदललास ते योग्यच केलेस' याचे उत्तर म्हणून दाखविणे, हा कौलाचा अनर्थ होय. पोटनिवडणुकीची थोरवी येथेच आहे. तेथे मुख्यत्वे एकच प्रश्न पाकळीवर असतो.

अर्थात पोटनिवडणुकीचा आकारही पोकळ होऊ शकतो. २०१९ साली कर्नाटकातील सत्तारूढ आघाडीच्या आमदारांनी राजीनामे दिले, त्यांपैकी पुष्कळांचा मुक्काम त्या वेळी मुंबईच्या हॉटेलात होता, सरकार कोसळले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांस निवडणूक लढविण्याची मुभा दिली, आणि डिसेंबरातील १५ पोटनिवडणुकांत भाजपने १२ जागा जिंकल्या. हे लोक मतदारांपुढे गेले, तेवढे श्रेय त्यांस द्यावे. परंतु ज्या राजीनाम्यामागे सरकार पाडण्याचा बेत आणि पुढे सत्तेचा वाटा असतो, त्याची तुलना फैजाबादच्या राजीनाम्याशी करता येत नाही. किल्ली परत केली खरी, पण नवी किल्ली आधीच खिशात होती.

कायद्याने काय केले तेही थोडक्यात सांगतो. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशास मिळाला. त्यानंतर श्री. यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. परंतु प्रत्यक्ष कायदा यावयास १९८५ साल उजाडले. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. त्यात एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीस सवलत होती. ती २००३ साली काढण्यात आली, दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र राहिली. म्हणजे एकट्याने केले तर तो दोष, आणि जमावाने केले तर विधी! नीतिशास्त्रात संख्येने पाप पातळ होत नाही. शिवाय या कायद्याने प्रामाणिक सदस्याचेही तोंड बांधले. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर जागा जाते, मग विधेयक कितीही किरकोळ असो. आणि निर्णय सभापतींच्या हाती, जे स्वतः कोणत्या तरी पक्षाचे. महाराष्ट्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२३ मध्ये आला, आणि विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय दिला तो असा की दोन्हींकडील कोणीच अपात्र नाही. कायद्याने प्रश्न सुटला असेल. विवेकाचा सुटला नाही.

देवाच्या नावाने तो सोडविण्याचा यत्नही झाला. २२ जानेवारी २०२२ रोजी गोव्यातील काँग्रेसच्या उमेदवारांस पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा येथे नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ देण्यात आली. अकरा निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. त्यांतील ज्येष्ठ नेते श्री. दिगंबर कामत यांनी, आपण पुन्हा देवाकडे जाऊन विचारले आणि योग्य वाटेल ते कर असे देवाने सांगितले, अशा आशयाचा खुलासा केला. कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु देवळाशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांस एवढे विचारावेसे वाटते: शपथ उघड्यावर आणि तिची सुटका एकांतात, हा कोणत्या देवस्थानाचा रिवाज आहे? ज्या मतदारांच्या समाधानासाठी ती शपथ घेतली, त्यांस त्या सुटकेच्या वेळी बोलावणे नको होते काय? आणि ज्या पक्षाने उमेदवारांच्या शब्दावर भरवसा नाही म्हणून देवास जामीन ठेवले, त्यानेही देवाचा मान वाढविला असे आम्हांस वाटत नाही.

मग दोष जातो कशाने? आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताच्या विचारात प्रथम ख्यापन येते, म्हणजे केलेले उघड सांगणे; मग अनुताप; मग तप. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हा क्रम आहे. मताधिक्याचा त्यात उल्लेख नाही. क्षमा, अनुमोदन आणि विस्मरण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने कारण सांगितले, ज्याने काही गमावले, त्यास मतदाराने निवडले तर ती क्षमा किंवा अनुमोदन होईल. ज्याने काहीच सांगितले नाही त्यास निवडले तर ते बहुधा विस्मरण असते; आणि विस्मरणाने कोणी शुद्ध होत नाही.

येथे मतदाराचीही जबाबदारी येते. सुरतेच्या महापालिकेत २०२१ साली आम आदमी पक्षाचे २७ नगरसेवक निवडून आले. वर्षभरात त्यांतले पाच भाजपमध्ये गेले आणि पुढे आणखी काही. २०२४ साली तर लोकसभेच्या निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांच्या वादावरून बाद झाला, उरलेल्या सर्वांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिलला श्री. मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. ७ मे रोजी गुजरातेत मतदान झाले, तेव्हा सुरत मतदारसंघास कौल देण्याची वेळच आली नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. निवडणुकीच्या सभा तेथे मराठीतही होतात. ज्याला विचारलेच जात नाही त्याने हळूहळू सांगणेही सोडून द्यावे, ही लोकशाहीची खरी हानी होय.

देवापुढे नवस बोलतात. पण नवसाच्या रकमेवर कौल देणारा देव आपण देव मानणार नाही. मतदारानेही हे मनाशी धरावे. पक्ष बदललेला उमेदवार दारी आला तर त्याचा अपमान करू नये, आणि त्यास फुकटची मोकळीकही देऊ नये. त्यास तीन गोष्टी विचाराव्यात: का गेलात? आम्हांस केव्हा सांगितलेत? जाताना तुमचे स्वतःचे असे काय मागे ठेवलेत? या तिन्हींची उत्तरे जो चारचौघांत देईल त्यास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, युयुत्सूप्रमाणे पुन्हा जबाबदारी सोपविण्यास हरकत नाही. जो उत्तर देणार नाही, त्याचा विजय मोजणीपुरता खरा असेल. पण त्यास कौल मिळाला असे मात्र म्हणू नये, कारण त्याने तो मागितलाच नव्हता.